पिक्चरमधल्या लष्करी गाड्या: लोक सारखं सारखं विचारतात ते प्रश्न

मी संभाजीनगरजवळ वाळूजला फॅब्रिकेशनचं काम करतो आणि फावल्या वेळात सायन्स फिक्शन पिक्चरमधल्या गाड्या कशा बनवल्या ते शोधत बसतो, हे चार पोरांना कळलं आणि तेव्हापासून नांदेड, परभणी, जालना, लातूर, कुठून कुठून मेसेज यायलेत. त्यात इंजिनीअरिंगची पोरं आहेत, मंडळाचे कार्यकर्ते आहेत, काही नुसतेच हौशी. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. इथून पुढं हेच पाठवत जाईन, राग मानू नका.

ह्या गाड्या खऱ्या असतात का सगळं कॉम्प्युटरवरचं?

दोन्ही. आणि मधेही बरंच काही असतं. एकाच पिक्चरमधे एकच गाडी तीन-चार प्रकारे बनवलेली असते: एक खरी चालणारी, एक नुसती उभी करायची, एक आतल्या सीनसाठी कापलेली केबिन आणि एक टेबलावर मावेल एवढी छोटी. १९८६ च्या 'एलियन्स'मधली सैनिकांची चिलखती गाडी खरीखुरी पळते, पण काही शॉटमधे तिचं छोटं मॉडेल आहे आणि पहिल्यांदा बघताना कुणाच्या लक्षातही येत नाही. १९९१ च्या 'टर्मिनेटर २'च्या सुरुवातीला कवट्या तुडवत येणारी ती मोठी मशीनं पण मॉडेलच आहेत. आता सीजीआय, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली चित्रं, स्वस्त झालं तरी चांगले डायरेक्टर अजून एक तरी खरी गाडी बनवून घेतात, कारण खऱ्या वजनाची गाडी खड्ड्यात गेली की पाटे दबतात, मागून धूळ उठते, ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं, आणि आपण लहानपणापासून ट्रक-ट्रॅक्टर बघितलेले लोक, आपल्याला ते खोटं असलं की लगेच खटकतं.

मग सुरुवात कुठून करतात? आधी डिझाईन का आधी इंजिन?

दोन्ही नाही. आधी चेसी, म्हणजे गाडीचा चाकांसकट खालचा सांगाडा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण ऐकून घेऊन परत मला तोफेचंच स्केच पाठवतो.

ते 'एलियन्स'चंच घ्या. डायरेक्टर जेम्स कॅमेरॉनला एक बुटकी, सपाट, जमिनीला चिकटल्यासारखी गाडी पाहिजे होती. तशी गाडी शून्यापासून बनवायची म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही गेलं. तर त्यांनी एअरपोर्टवर विमान ओढणारा टग उचलला, हन्सलेट कंपनीचा. आता हा टग मुळातच बुटका असतो कारण त्याला विमानाच्या नाकाखाली शिरायचं असतं, आणि मुळातच प्रचंड जड असतो कारण हलका टग विमान ओढायला लागला की त्याची चाकं जागेवरच फिरतील, म्हणून त्याच्यात मुद्दाम कित्येक टन वजन भरलेलं असतं. पिक्चरवाल्यांनी त्यातलं बरंच वजन काढून टाकलं, वरून नवीन बॉडी चढवली, वर बंदुकीचा टर्रेट, म्हणजे फिरता बुरूज, बसवला. झाली गाडी. स्क्रीनवर ती जी दबक्या चालीची दिसते ना, ती कुणी चित्रात काढलेली नाही, ती टगचीच चाल आहे.

शूटिंगचा काही भाग लंडनमधल्या ॲक्टनच्या बंद पडलेल्या पॉवर स्टेशनमधे झाला. तिथल्या लोखंडी जाळ्या, पाईप, गंजलेले जिने सगळं आयतं मिळालं, म्हणजे गाडीला जो नियम तोच लोकेशनला.

टम्बलर लष्करी गाडी आहे का? ती तर बॅटमॅनची ना?

वापरतो बॅटमॅन, पण २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'च्या गोष्टीत ती लष्करासाठी बनवलेली आणि नंतर पडून राहिलेली गाडी आहे. नदीवरून उडी मारून पलीकडं केबल न्यायची म्हणजे पूल बांधता येईल, असं तिचं काम सांगितलंय. २०१२ च्या तिसऱ्या भागात त्याच गाड्या वाळवंटी रंगात दिसतात. त्यामुळं ह्या यादीत ती बसतेच, आणि माझ्या मते आत्तापर्यंतची सगळ्यात भारी बसते.

डायरेक्टर क्रिस्टोफर नोलन आणि प्रॉडक्शन डिझायनर नेथन क्रॉली यांनी नोलनच्या गॅरेजमधे वेगवेगळ्या मॉडेल किटचे तुकडे जोडून तिचा पहिला आकार काढला. नंतर पूर्ण मापाचं मॉडेल फोममधे कोरलं. मग स्पेशल इफेक्टवाल्या ख्रिस कोरबोल्डच्या टीमनं ती खरी बनवली. ५.७ लिटरचं शेव्हरलेचं व्ही-एट इंजिन, साधारण अडीच टन वजन, रुंदी नऊ फूट, मागं ४४ इंची चार टायर. आणि गंमत म्हणजे पुढं दोन चाकांना जोडणारा सलग ॲक्सल नाही, प्रत्येक चाक आपापल्या हातावर बाहेर लोंबकळतं. हे नुसतं दिसायला नाही, उडी मारून पडल्यावर तो धक्का घ्यायचा कसा हाच त्यांचा खरा प्रॉब्लेम होता. टेस्टिंगमधे मोडतोड झाली, परत बनवलं, परत पाडलं.

बरं, एकच नव्हती. चालवायच्या वेगळ्या, हायड्रॉलिकवर पत्रे हलणारी वेगळी, आणि मागून आग निघते ती प्रोपेनच्या टाक्यावाली वेगळी. आतले संवादाचे शॉट तर वेगळ्या सेटवर घेतलेत, कारण खऱ्या गाडीत ड्रायव्हर कसाबसा मावतो, तिथं कॅमेरा कुठं ठेवणार.

ती बारा चाकांची गाडी कोणती? आमच्या सरांनी दाखवली होती.

लँडमास्टर. पिक्चर १९७७ चा 'डॅमनेशन ॲली'. पिक्चर नाही बघितला तरी चालेल, आकाशातले इफेक्ट बघून हसू येतं, पण गाडीसाठी जरूर बघा.

डीन जेफ्रीज नावाच्या हॉलीवूडच्या कस्टम गाड्यावाल्यानं ती बनवली, त्या काळात साडेतीन लाख डॉलर खर्च सांगितला जातो. गोष्टीत दोन गाड्या आहेत, प्रत्यक्षात एकच बांधली. चार कोपऱ्यांना प्रत्येकी तीन चाकांचा तिकाटणा, त्यातली दोन जमिनीवर आणि तिसरं वर. सरळ रस्त्यावर खालची दोन फिरतात, आणि मोठा दगड किंवा खड्डा आडवा आला की अख्खा तिकाटणाच फिरतो आणि वरचं चाक पुढं येऊन टेकतं. ही काही पिक्चरवाल्यांची कल्पना नाही, लॉकहीड कंपनीनं १९६७ मधे टेरास्टार नावाची अशी गाडी खरंच काढली होती, चिखलातून आणि पाण्यातून जायला. जेफ्रीजनं ती आयडिया मोठ्या गाडीला लावली, फोर्डचं इंजिन टाकलं, आणि गाडी मधून दोन भागात ठेवली, म्हणजे वळायचं असेल तर पुढची चाकं वळत नाहीत, हायड्रॉलिक जॅक मधल्या सांध्यातच गाडीला वाकवतो. आपल्याकडं रोडच्या कामावरचा लोडर बघितलाय ना, तसंच स्टिअरिंग.

मेकॅनिकलच्या पोरांनो, प्रोजेक्टला हा तिकाटणा छोट्या साईजमधे करून बघा. सायकलची चेन आणि स्प्रॉकेटवर होतो. जिना चढणारी ट्रॉली याच तत्त्वावर असते, त्यामुळं गाईड पण खूष.

मॅड मॅक्समधल्या गाड्या लष्करी म्हणायच्या का?

काही सरळ सरळ लष्करीच आहेत. २०१५ च्या 'फ्युरी रोड'साठी कॉलिन गिब्सनच्या टीमनं दीडशेच्या आसपास गाड्या बनवल्या, त्याला पुढं प्रॉडक्शन डिझाईनचं ऑस्कर पण मिळालं. त्यातला ड्रम आणि गिटारवाला ट्रक आहे ना, तो मुळात मॅन नावाच्या कंपनीचा मिसाईल वाहून नेणारा आठ चाकी ट्रक. टँकसारख्या पट्ट्यावर पळणारी ती कार म्हणजे वर क्रायस्लर व्हॅलिअंटची बॉडी आणि खाली रिपसॉ नावाचा हलका टँक, जो अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या हाऊ अँड हाऊ कंपनीच्या दोन जुळ्या भावांनी बनवला आणि ज्याच्यात अमेरिकन सैन्यानं पण रस घेतला होता. तोच रिपसॉ मग २०१७ च्या 'फेट ऑफ द फ्युरिअस'मधे पण बर्फावर पळताना दिसतो.

आणि ती मुख्य गाडी, वॉर रिग, तिच्याखाली टाट्रा आहे. आता टाट्रा आपल्याला काही नवीन नाही, बीईएमएल कंपनी १९८० च्या दशकापासून आपल्या सैन्यासाठी हा ट्रक बनवते आणि २६ जानेवारीच्या परेडला पिनाक रॉकेट, ब्रह्मोस ज्याच्यावर जाताना दिसतात तो बऱ्याचदा टाट्राच असतो. कधी उभा दिसला तर खाली वाकून बघा, साध्या ट्रकसारखे दोन लांब चॅनल हा त्याचा मुख्य कणा नाही, मधून एक जाड नळी जाते, तिच्या आतून शाफ्ट फिरतो, आणि प्रत्येक चाकाचा अर्धा ॲक्सल त्या नळीपासून वेगळा वर-खाली होतो. म्हणून गाडी रिकामी असली की चाकं खालून आत ओढल्यासारखी तिरकी दिसतात. खराब झालेली वाटतात, पण तसं नाही, माल भरला की सरळ होतात. वाळवंटात ८०-९० च्या स्पीडनं वर माणसं लटकलेली असताना ती गाडी का टिकली त्याचं उत्तर त्या नळीत आहे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा पिक्चर आधी ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला शूट होणार होता, ओसाड रान म्हणून ठरवलेलं. तिथं एवढा पाऊस झाला की सगळीकडं फुलं उगवली आणि युनिटला बाडबिस्तरा घेऊन नामिबियात जावं लागलं. पाऊस पडला म्हणून रडणारे लोक मराठवाड्यातल्या माणसानं पहिल्यांदाच बघितले असतील.

चिलखत खरं असतं का?

नसतं, आणि नसलंच पाहिजे. हिशोब बघा. १० एमएम लोखंडी पत्रा एक चौरस मीटर घेतला तर वजन साडेअठ्ठ्याहत्तर किलो. मध्यम गाडीला ४० चौरस मीटर पत्रा लागला असं धरा, नुसता पत्राच तीन टनाच्या वर गेला. तेच २ एमएममधे सव्वासहाशे किलो, आणि फायबरमधे त्याहून कितीतरी कमी. कॅमेऱ्याला जाडी फक्त कडेला दिसते, म्हणजे दरवाजाची कड, खिडकीची चौकट, हॅचचं झाकण. तिथं जाड पट्टी वेल्ड करा, बाकी पातळ पत्रा. बघणाऱ्याला सगळीच गाडी जाड वाटते. ही युक्ती फुकट आहे आणि तरी निम्मे लोक कडेला पत्रा तसाच उघडा ठेवतात आणि डबा दिसतो.

चाकं चांगली का पट्टा?

आपल्या काळ्या रानात जुलैमधे ट्रॅक्टर घालून बघितलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही खरं तर. कारच्या टायरमधे ३० च्या आसपास हवा असते, म्हणजे जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला साधारण दोन किलो दाब. साठ टनाचा टँक पट्ट्यामुळं त्याच्या निम्म्या दाबावर येतो, म्हणून कार रुतते तिथून टँक जातो. पण पट्टा महाग, आवाज प्रचंड, डांबर उखडतो, आणि शूटिंगमधे एक पिन तुटली की दिवस गेला. म्हणून पिक्चरवाले शक्यतो मोठ्या टायरवर भागवतात आणि हवा कमी करून चालवतात. १९९५ च्या 'टँक गर्ल'मधे मात्र खरा टँक आहे, दुसऱ्या महायुद्धातला एम-५ स्टुअर्ट, वरून गाडीचे भंगार पार्ट लावलेला.

एवढ्याशा फटीतून ड्रायव्हरला दिसतं का?

फार कमी. त्यामुळं पुढं मोकळी जागा ठेवतात, स्पीड ठरवून देतात, वॉकीटॉकीवर बाहेरून एकजण बोलत असतो. कधी कधी गाडीच्या टपावर किंवा मागं लपवून दुसरी सीट आणि स्टिअरिंग बसवतात, खरा ड्रायव्हर तिथं, आणि हिरो आत नुसता हात फिरवतो.

माणूस आत बसून चालवतो ते रोबो सूट खरे बनवतात का?

चालणारे नाही. दोन पायावर तोल सांभाळणारं टन-दोन टनाचं मशीन शूटिंगला आणणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. 'एलियन्स'मधला तो पिवळा पॉवर लोडर आठवतो का? पूर्ण मापाचा आहे, पण त्याच्या पाठीमागं एक दणकट माणूस लपून त्याचे हातपाय हलवत होता आणि वरून तारांनी-क्रेननं आधार होता. चाळीस वर्षं होत आली, अजून सीजीआयवाल्या सूटपेक्षा तोच खरा वाटतो मला. २०१४ च्या 'एज ऑफ टुमॉरो'मधे नटांनी घातलेले सूट खरे होते, एकेक ३५-४० किलोचा, आणि टॉम क्रूझ ते घालून पळतो तेव्हा त्याचा दम खरंच निघालेला असतो.

हवेत तरंगणाऱ्या गाड्या?

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधल्या लँडस्पीडरखाली बाँड बग नावाची तीन चाकी होती, आणि चाकं झाकायला खालून आरसे लावले, आरशात वाळू दिसते आणि गाडी तरंगते असं वाटतं. ती लष्करी गाडी नाही, पण युक्ती कॉलेजच्या नाटकात चालून जाईल.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा खऱ्या लष्करी गाड्या कामून वापरत नाहीत?

वापरतात की. 'ट्रान्सफॉर्मर्स'मधला बोनक्रशर नावाचा रोबो ज्या गाडीचा होतो ती म्हणजे सुरुंग शोधणारी खरी बफेलो गाडी, तो पुढचा काट्यासारखा पंजा पण तिचाच. २००९ च्या 'डिस्ट्रिक्ट ९'मधे दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्पिर आहेत, पोट इंग्रजी व्ही अक्षरासारखं म्हणजे खाली सुरुंग फुटला की स्फोट दोन्ही बाजूंनी निघून जातो. कॅस्पिर आपल्या सैन्याकडं पण आल्या. त्या उंच, कोरड्या, कुरूप गाड्या कुणी न सांगताच भविष्यातल्या वाटतात.

अडचण अशी की खरी गाडी लोक ओळखतात, मग भविष्यकाळ वाटत नाही, आणि सैन्याची परवानगी घ्यायची तर स्क्रिप्टवर पण त्यांचं लक्ष राहतं. उलटी गंमत पण होते. १९८२ मधे 'मेगाफोर्स' नावाच्या पिक्चरमधे सैनिक हत्यारबंद डून बग्ग्या, म्हणजे वाळूत पळणाऱ्या हलक्या उघड्या गाड्या, चालवतात, पिक्चर आपटला, लोक हसले, आणि १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचं स्पेशल फोर्स मशीनगन लावलेल्या डून बग्ग्यांमधूनच फिरत होतं.

आपल्या भारतात असं कुणी बनवलंय का?

'कल्की २८९८ एडी'मधली बुज्जी. सैन्याची नाही, बक्षिसासाठी माणसं पकडणाऱ्या भैरवाची गाडी, पण काम त्याच दर्जाचं. डायरेक्टर नाग अश्विननं २०२२ मधे आनंद महिंद्रांना ट्विटरवर मदत मागितली, महिंद्राचे इंजिनीअर आणि कोईमतूरची जयेम कंपनी असं मिळून गाडी उभी राहिली, २०२४ मधे पिक्चर आला. वजन सहा टनाच्या आसपास, इलेक्ट्रिक, पुढं दोन प्रचंड चाकं ज्यांची रिम साडेचौतीस इंची, टायर सिएटनं खास बनवलेले, आणि मागं एकच गोल चेंडूसारखं चाक. सहा टन तीन चाकांवर वळवायचे म्हणजे मागच्या त्या एका चाकाच्या बेअरिंगचं काय होत असेल, मला तर तेच बघायचंय. तेलुगू पिक्चर म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी गप बसावं, आपल्या मराठीत असा एक तरी प्रयत्न दाखवा.

जवळपास खऱ्या गाड्या बघायला कुठं जायचं?

संभाजीनगरहून दोन-अडीच तासावर अहिल्यानगर. तिथं सैन्याचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ पासून. सेंच्युरियन, विजयंता, १९६५ च्या युद्धात पकडलेले पाकिस्तानी पॅटन, सगळे उघड्यावर उभे. फोटो काढाच, पण सेल्फी नको. पट्ट्याची पिन कशी बसते, हॅचची बिजागरी किती जाड आहे, वेल्डिंगची लाईन कशी दिसते, रंगाचे पोपडे कुठं उडालेत, हे जवळून काढा. मोजपट्टी न्या. चिलखती आठ चाकी गाडीवर डीआरडीओची जी व्हीआरडीई लॅब काम करते ती पण त्याच शहरात आहे, तिथं मात्र असं कुणालाही आत सोडत नाहीत.

देखाव्याला किंवा गॅदरिंगला अशी गाडी करायची, कशी करू?

परत तेच: खाली काय आहे ते आधी सांगा. ट्रॅक्टरची ट्रॉली असेल तर उत्तम, वजन झेलते, ओढायला ट्रॅक्टर आहेच. त्यावर एक इंची चौकोनी पाईपचा सांगाडा, तो ट्रॉलीला वेल्ड करू नका, यू-बोल्टनं आवळा, म्हणजे ट्रॉलीमालकाशी भांडण नाही. वरून २२ गेज पत्रा किंवा बजेट नसेल तर सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड. आकार मोठ्या सपाट तिरक्या पाट्यांमधे ठेवा, गोलाई करायला जाऊ नका, गोलाईत पुट्टी आणि पैसा दोन्ही जातं. बारीक सामान भंगारातून: जुने फिल्टर, ठिबकचे कनेक्टर, हायड्रॉलिक पाईप, मोटारसायकलचे सायलेन्सर. पण प्रत्येक वस्तू लावताना विचारा की ही इथं काय काम करते. पाईप निघाला तर तो कुठंतरी घुसला पाहिजे.

रंगात सगळे फसतात. एकसारखा चकचकीत रंग मारला की खेळणं झालं. आधी चंदेरी मारा, त्यावर मुख्य रंग, आणि माणसाचा पाय-हात जिथं लागतो, म्हणजे पायरी, हँडल, हॅचची कड, तिथंच फक्त घासून चंदेरी उघडा करा. सायलेन्सरभोवती काळं. पाणी साचून ओघळेल तिथं तपकिरी ओघळ, वरून खाली. शेवटी पातळ करून मातकट रंग खालच्या दोन फुटात. गंज कुठंही मनाला येईल तिथं मारू नका, टपाच्या मधोमध गंजाचा गोळा बघितला की मला तिथंच हात धुवावेसे वाटतात.

धूर पाहिजे तर फॉग मशीन भाड्यानं मिळतं. खरी आग, गॅसचं सिलेंडर, फटाके, अजिबात नाही.

ऑलिव्ह ग्रीन रंग देऊ का? आणि बोलेरोलाच अशी बॉडी चढवून रस्त्यावर फिरवली तर?

दोन्हीला नाही. मोटार वाहन नियमांमधे १२१ नंबरचा नियम आहे, संरक्षण खात्याच्या गाडीशिवाय दुसऱ्या मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. राखाडी घ्या, वाळूचा रंग घ्या, निळसर काळा घ्या, भविष्यातलं सैन्य आहे, कोण विचारतंय. सैन्याच्या गाडीसारखी बाणवाली नंबर प्लेट पण लावायची नाही.

बॉडीचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम आहे आणि २०१९ मधे सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. पासिंग होणार नाही आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला फोटो त्या बॉडीचाच काढेल. पिक्चरवाले पण अशा गाड्या बहुतेक बंद रस्त्यावर किंवा खाजगी जागेत चालवतात आणि लोकेशनपर्यंत ट्रेलरवर नेतात.

तुम्ही बनवून देता का?

गणपतीच्या आधी पंधरा दिवस फोन केला तर नाही. उन्हाळ्यात या, ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि जमिनीपासून उंची मोजून आणा, आणि कृपा करून तोफेचं स्केच मागाहून पाठवा.